आठव्या प्रकरणाचा लिफाफा

१

कपाटाच्या मधल्या फळीवर सात फाइली जशाच्या तशा होत्या. त्यांच्या शेजारी, जिथे आठवा लिफाफा असायचा, तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

प्रकाशनसंस्थेचे मालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्या चौकोनाकडे बघत राहिले. मग त्यांनी फळीवरून हात फिरवला, जणू लिफाफा तिथेच आहे आणि फक्त दिसत नाहीये.

"बाई, तुम्ही नेलात का घरी?"

"नाही," ती म्हणाली. तिच्या कडेवर दीड वर्षाची लेक, ठकी, होती आणि ठकीच्या मुठीत आईच्या चष्म्याची दांडी. "सातव्याची प्रुफं आत्ता कुठे संपली माझी. त्याआधी आठवं फोडायचं नाही, असं नानांनीच वर लिहिलं होतं ना."

नाना म्हणजे कादंबरीकार. महिन्यापूर्वी ते स्वतः तीन जिने चढून, धापा टाकत, तो लिफाफा देऊन गेले होते. पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर आडवी सही आणि पुढे मोठ्या अक्षरांत सूचना: ‘सातवं जुळून, तपासून झाल्यावरच उघडावा.’ त्यानंतर आठवडाभरात नाना गेले. हृदय कधीचं थकलं होतं, त्या जाण्यात संशयाला जागा नव्हती. पण हाताने लिहिलेली प्रत एकच होती. झेरॉक्सचं नाव काढलं की नाना हात झटकत. "नक्कल आहे म्हटलं की माणूस बेफिकीर होतो," म्हणत.

"तुम्ही मुद्रितशोधक ना? मग शोधा," साहेब म्हणाले. विनोद करायचा होता, पण आवाज चिरकला. "पोलीसबिलीस नकोत. शेवट हरवला हे बाहेर कळलं, तर लोक म्हणतील नानांना शेवट सुचलाच नव्हता."

कपाटाची किल्ली दारामागच्या खिळ्याला असे. ते चौघांना ठाऊक होतं. साहेब, ती स्वतः, जुळणीवाल्या ताई आणि नानांची लेक. नानांची लेक गेल्या सोमवारी दुपारी येऊन लिफाफा परत मागत होती. साहेबांनी तो दाखवला, दिला नाही. त्यानंतर आज, बरोबर आठव्या दिवशी, कपाट उघडलं होतं.

म्हणजे लिफाफा या आठवड्यात गेला होता. आणि न वाचलेलं प्रकरण चोरून कोणाला काय मिळणार होतं, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

२

कादंबरी एका हत्येची होती. पन्नास वर्षांपूर्वी या शहरातल्या सभागृहाच्या पायऱ्यांवर एका मोठ्या नेत्याला गोळ्या घातल्या गेल्या. ती सकाळ न पाहिलेल्यांनाही पाठ होती. नानांचा नायक एक घड्याळजी. त्याच्याकडे दुरुस्तीला एक घड्याळ येतं. त्याची किल्ली उलटी फिरवली की त्या सकाळची अकरा मिनिटं परत मिळतात, आठ वेळा. सात प्रकरणांत तो सात वेळा जातो. कधी नेत्यांची गाडी अडवतो, कधी मारेकऱ्याचा हात धरतो, कधी नुसताच ओरडतो. सातही वेळा गोळी सुटतेच. आणि प्रत्येक वेळी दोष जातो फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे. चौकशी समितीनेही तसंच म्हटलं होतं: पास नसलेल्या माणसाला त्याने आत सोडलं.

आठव्या वेळी काय होतं, ते त्या लिफाफ्यात होतं.

तिने आधी साहेबांनाच धरलं. भीड वाटत होती. पण दीड वर्षात एक सवय लागली होती. खोलीत शिरलं की कुठे काय पडलंय, काय टोकदार आहे, काय तोंडात जाईल, हे नजर आपोआप टिपायची. तशी आत्ता तिने साहेबांच्या अर्ध्या उघड्या खणातली कागदांची चळत टिपली. वरच्या पानावर साहेबांचंच अक्षर होतं: ‘प्रकरण आठवे’.

साहेबांनी खण लावला. मग परत उघडला.

"लपवून काय करू आता," ते म्हणाले. "नानांची तब्येत बघून मीच लिहून ठेवलं होतं. अगदीच वेळ आली तर असावं म्हणून. यात नेते वाचतात. सात वेळा मारून झाल्यावर वाचकाच्या पदरात काहीतरी पडायला नको का?"

तिने चार पानं वाचली. नेते वाचत होते, बँड वाजत होता, घड्याळजी आनंदाने रडत होता.

"कसं आहे?"

"शुद्धलेखनाच्या चुका नाहीत," ती म्हणाली.

साहेब खूप दिवसांनी हसले आणि लगेच थांबले. "खरं सांगू? मला नानांचंच हवंय. सात वेळा हरून घड्याळजी आठव्यांदा का जातो, हे मला कळायला हवंय, बाई."

हा माणूस चोर नव्हता. असता, तर एवढं वाईट प्रकरण त्याने खणात उघडं ठेवलं नसतं.

मागे खाकरण्याचा आवाज झाला. ठकी ताईंच्या रिकाम्या टेबलाखाली रांगत होती आणि तिच्या ओठाला कागद चिकटला होता. तिने बोट घालून तो काढला. नखाएवढा त्रिकोण. हे रोजचंच. जुळणीवाल्या ताई हस्तलिखिताचं पान संगणकावर उतरवून झालं की त्याच्या उजव्या कोपऱ्याचा एवढासा तुकडा फाडत, पान झालं म्हणून खूण. नेहमी टेबल झाडून जात. या वेळी राहून गेलं असणार. गुरुवारी पहाटे त्यांचे वडील गेले होते, तेव्हापासून त्या रजेवर होत्या.

ठकीचं कपाळ तिने सवयीने चाचपलं. गार होतं. गेला आठवडा कसा गेला ते तिलाच ठाऊक. रविवारपासून बुधवारपर्यंत पोरीला ताप, त्यामुळे सोमवारी द्यायची सातव्याची प्रुफं तशीच पडून राहिली होती.

३

नानांची लेक दातांची डॉक्टर होती. दोन पेशंटच्या मधली दहा मिनिटं तिने दिली. हातमोजे काढले नाहीत.

"मी चोरला असेल, असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही परत मागितला होतात."

"हो, मागितला. त्यांनी दिला असता, तर चोरीला गेला नसता." तिने मोजे ओढून काढले आणि पेशंटच्या खुर्चीच्या कडेवर बसली. "बाबा शेवटच्या महिन्यात एकच धोशा लावून होते. एक माणूस जिवंत आहे तोवर हे छापून व्हायला हवं. छापायला उशीर झाला, तर निदान त्याला वाचून दाखव. मी विचारलं, कोण माणूस? म्हणाले, नाव-पत्ता सगळं आत आहे. मी म्हटलं, मग आत्ताच सांगा ना. तर तोंड फिरवून झोपले."

"आणि साहेबांनी वरची सूचना दाखवली."

"बाबांचीच सूचना, बाबांच्याच विरुद्ध. आयुष्यभर असंच. धाडस करायचं आणि वर चिकटपट्टी लावायची."

तिला हसू आलं नाही. "त्या सकाळी नाना तिथे होते?"

"चोवीस वर्षांचे होते. बातमीदार. पहिली मोठी बातमी त्यांचीच. फाटकाशी गर्दी होती म्हणून ते मागच्या दाराने शिरले, स्वयंपाक्यांबरोबर. म्हणून तर पायऱ्यांच्या इतक्या जवळ होते. आमच्या घरी हे शंभरदा सांगून झालंय." ती थांबली. "म्हणजे, आई शंभरदा सांगायची. बाबा उठून जायचे."

दाराशी पुढचा पेशंट गाल धरून उभा होता.

"सापडला तर आत जे असेल ते छापा," नानांची लेक मोजे चढवत म्हणाली. "बाबांबद्दल वाईटसाईट असलं तरी. मला परवानगी विचारत बसू नका, माझा धीर सुटेल."

पेंगणाऱ्या ठकीला खांद्यावर घेऊन जिना उतरताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एक माणूस जिवंत आहे तोवर. तो अजून होता का?

४

ठकी झोपल्यावर तिने सातही प्रकरणांची पहिली प्रुफं काढली, तिच्याच लाल शाईच्या खुणांसकट.

ताईंच्या जुळणीत चुका सापडत नसत. सापडली तर ताई चहा पाजत, आणि वर्षात तीनदाच पाजला होता. पण या कादंबरीत तीन वेळा अख्खी ओळच गळली होती. तिने त्या समासात परत लिहून दिल्या होत्या. "नजर घसरली गं," ताई म्हणाल्या होत्या, आणि चहाचं बोलल्या नव्हत्या.

ओळ गळते कशी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन ओळींत एकच शब्द आला, की नजर पहिल्यावरून उडून दुसऱ्यावर बसते. इथे एकदाही तसा शब्द नव्हता. तिने तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून काढल्या.

दुसऱ्या प्रकरणातली: ‘फाटकावरच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलंच नाही.’

चौथ्यातली: ‘एका पहारेकऱ्याच्या गाफीलपणाने लाखो घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही.’

सहाव्यातली सगळ्यांत लांब: ‘पास पाहिला की त्याचा उजवा कोपरा फाडून तो पत्र्याच्या डब्यात टाकी; पास दोनशे बारा वाटले होते, डब्यात कोपरेही दोनशे बाराच निघाले, तेव्हा मारेकऱ्याच्याही पासाचा कोपरा मी फाडला होता हे त्याचं म्हणणं खोटं ठरलं.’

सकाळी ठकीच्या फ्रॉकच्या खिशात टाकलेला तो त्रिकोण काढून तिने ओळीशेजारी ठेवला. उजवा कोपरा.

नजर घसरली नव्हती. बोटांनीच नकार दिला होता.

ताईंनी वडिलांबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. अंथरुणाला खिळलेत, एवढंच सगळ्यांना माहीत. आडनाव सासरचं, तेव्हा त्या पहारेकऱ्याची लेक म्हणून कोणी ओळखणारही नव्हतं. नानांनाही कल्पना नसणार, आपलं हस्तलिखित कोणाच्या हातात पडतंय त्याची. आणि नानांची लेक आली त्याच्या आधल्या शनिवारी सातवं जुळून झालं होतं. आता आठवं फुटणार, आणि तेही ताईंनाच जुळवावं लागणार.

इथवर आल्यावर कोडं सुटलं असं म्हणून तिने दिवा घालवायला हरकत नव्हती. पण मुद्रितशोधकाला दुसऱ्यांदा वाचायची खोड असते. दोनशे बारा पास, दोनशे बारा कोपरे. हिशेब चोख. फक्त, नाना मागच्या दाराने आत शिरले होते. त्यांचा पास फाटकावर कोणी पाहिलाच नव्हता.

मग नानांच्या पासाचा कोपरा डब्यात कसा आला?

तिने ठकीच्या अंगावरची चादर सारखी केली. नानांचा पास त्या सकाळी दुसऱ्याच कोणीतरी फाटकावर दाखवला होता. पहारेकरी पन्नास वर्षं खरं बोलत होता. नानांना ज्याला हे ऐकवायचं होतं तो एक माणूस म्हणजे ताईंचे वडील, आणि ते गुरुवारी गेले होते.

५

ताईंचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीशी रिकामी खाट, गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली.

"लिफाफा न्यायला आलीस," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला भेटायला आले."

"दोन्ही असू दे." त्यांनी ठकीला मांडीवर घेतलं. "ठकूबाई, ताप गेला का? तोंड बघ केवढंसं झालंय."

लिफाफा शिवणयंत्राच्या खणात होता. चिकटपट्टी तशीच, सही तशीच.

"सोमवारी संध्याकाळी नेला," ताई म्हणाल्या. "फोडला नाही. फोडून काय करायचं? सात प्रकरणं माझ्याच हातची, आठव्यात काय असणार ते कळत होतं मला. या वेळी नाव येणार. बाबा पेपर शब्द न् शब्द वाचायचे, जाहिरातीसुद्धा. मी सहा वर्षांची असताना नाव छापून आलं, तेव्हा माझ्या बाकावर कोणी बसेना. तीन वेळा बिऱ्हाड हलवलं आम्ही. लग्नात आडनाव बदललं, तर मला सुटल्यासारखं झालं. मुलीला असं वाटावं? पण वाटलं." त्या खाटेकडे बघत होत्या. "डॉक्टर म्हणाले होते, थोडे दिवस आहेत. म्हटलं, तेवढे तरी शांतपणे जाऊ देत. कोणी शोधू नये म्हणून त्यांच्याच गादीखाली सरकवून ठेवला. शेवटपर्यंत तेच चालू होतं त्यांचं. पाणी पाजलं तरी म्हणायचे, मी कोपरा फाडला होता. मी म्हणायचे, हो बाबा, फाडला होता. पण ते आपलं म्हणायचं म्हणून."

"ताई, हे प्रकरण मी दुसऱ्या कोणाकडून जुळवून घेते. तुम्ही यात पडू नका."

ताईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. वीस वर्षं वाईट अक्षरं लावणाऱ्या डोळ्यांना एक चेहरा काय अवघड.

"तुला माहितीये आत काय आहे."

तिने ठकीचा फ्रॉक सारखा केला. बोलली असती तर खोटं बोलावं लागलं असतं.

ताईंनी स्वतःच पट्टी ओढली. आतून आठ पानं निघाली आणि एक पिवळं, जुनं कार्ड. ‘बातमीदार’. त्याचा उजवा कोपरा नव्हता.

"वाच," ताई म्हणाल्या. "ऑफिसात वाचतेस तसं."

ऑफिसात ती हस्तलिखित मोठ्याने वाचे तेव्हा विरामचिन्हंही वाची, एका सुरात, कारण अर्थामध्ये गुंतलं की चुका निसटतात. त्या सुराचा तिने आत्ता आधार घेतला.

"‘आता घड्याळजी पुरे, पूर्णविराम. आठव्यांदा मीच जातो, पूर्णविराम. त्या सकाळी मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझा पास मी एका मित्राला दिला, पूर्णविराम. त्यांना एकदा जवळून बघायचंय, एवढंच तो म्हणाला होता, पूर्णविराम. मी मागच्या दाराने गेलो, पूर्णविराम. गोळ्यांनंतर पायरीवर माझा पास पडलेला दिसला, स्वल्पविराम, कोपरा फाडलेला, पूर्णविराम. मी तो उचलून खिशात घातला, पूर्णविराम. चौकशीत मी तो दाखवला आणि सगळ्यांनी मान डोलावली, पूर्णविराम...’"

तिचा सूर तुटला. ताई उठल्या, फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला आणि जमिनीवर उपडा केला. पांढऱ्या त्रिकोणांचा ढीग पडला, त्यात मोजके पिवळे, बातमीदारांच्या पासांचे. "चौकशी संपल्यावर हा परत दिला त्यांनी," ताई म्हणाल्या. "नोकरी नाही दिली. तू थांबू नकोस."

ती वाचत राहिली. ताई एकेक पिवळा तुकडा कार्डाच्या कडेला लावून बघत होत्या. चौथा बसला. दातऱ्यात दातरा बसावा तसा.

"‘... या अकरा मिनिटांत मी नेत्यांकडे जात नाही, पूर्णविराम. सात वेळा जाऊन पाहिलं, पूर्णविराम. मी सरळ फाटकाशी जातो आणि म्हणतो, स्वल्पविराम, तुम्ही पास पाहिला होता, पूर्णविराम. तो माझा होता, पूर्णविराम. तेवढ्यात बँड सुरू होतो, पूर्णविराम. तो कानाशी हात नेतो, पूर्णविराम. घड्याळ थांबतं, पूर्णविराम. त्याला ऐकू गेलं की नाही, स्वल्पविराम, मला कळत नाही, पूर्णविराम.’"

खाली ताईंच्या वडिलांचं नाव होतं, आणि याच घराचा पत्ता.

"सोमवारची रात्र," ताई म्हणाल्या. त्यांनी एक बोट मिटलं. "मंगळवार. बुधवार." तीन बोटं मिटली, पुढे मिटायला काही नव्हतं. "त्याच्यावरच झोपले होते गं."

"ताई, सातवं मी सोमवारी द्यायचं होतं. दिलं असतं तर तेव्हाच उघडला असता. हिला ताप होता म्हणून..."

"तू पोरीपाशी होतीस," ताई म्हणाल्या. "आणि मी बाबांपाशी."

ठकीने ढिगातला एक पिवळा तुकडा उचलून तोंडाकडे नेला होता. ताईंनी तो अलगद तिच्या बोटांतून सोडवला, फ्रॉकला पुसला आणि डब्यात ठेवला. मग त्या दोन्ही हातांनी डबा धरून बसल्या, खूप वेळ, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

६

"सापडला," तिने साहेबांना सांगितलं. "कुठे ते विचारू नका."

साहेबांनी आठ पानं उभ्याने वाचली. त्यांनी विचारलं नाही. खणातली स्वतःची चळत काढली, चार तुकडे केले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी त्यांना वाचवत बसलो होतो." कोणाला, ते म्हणाले नाहीत.

नानांच्या लेकीला तिने फोनवर सगळं वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं. मग आवाज आला, "छापा. आणि त्या ताई भेटतील का मला? त्यांची तयारी असली तर. आत्ता नको, नंतर कधीतरी."

आठवं प्रकरण ताईंनीच जुळवलं. कोणाला हात लावू दिला नाही. एका दिवसात प्रुफं तिच्या टेबलावर आली. हस्तलिखिताच्या आठही पानांचे उजवे कोपरे या वेळी शाबूत होते.

तिने ठकीला टेबलाशी बांगड्यांचा डबा देऊन बसवलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि वाचायला घेतलं. ओळीशी ओळ, शब्दाशी शब्द. काही गळलं नव्हतं. ‘फाटकावरच्या माणसाने’ जिथे जिथे होतं, तिथे तिथे होतं. शेवटचं पान आलं. बँड सुरू झाला. तो कानाशी हात नेतो. घड्याळ थांबतं. त्याला ऐकू गेलं की नाही, मला कळत नाही.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. हस्तलिखितात नव्हती.

‘ऐकू गेलं.’

हस्तलिखितात नाही ते पुस्तकात ठेवायचं नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. तिने पेन ओळीवर टेकवलं. पलीकडच्या टेबलावर ताई पाठमोऱ्या बसल्या होत्या. हात कळफलकावर होते, पण कळा वाजत नव्हत्या.

तिने पेन उचललं, पानाच्या खाली ‘तपासले, चूक नाही’ असं लिहिलं, सही केली, आणि टोपण लावलं.